पाच कॅमेरे, पाच फ्रेम रेट आणि एक डीव्हीडी

साठीशांतीला पडद्यावर दाखवायची आणि मग पाहुण्यांना वाटायची अशी एक डीव्हीडी करायची होती. पाच ठिकाणांहून जमवलेल्या साठेक क्लिपा, मिळून पावणेदोन तास. मुंजीची मिनी डीव्ही टेप होती, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रं), इंटरलेस, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत: वरच्या फील्डात १, ३, ५ अशा एकाआड एक रेषा, खालच्यात २, ४, ६. अमेरिकेत घेतलेल्या कॅमकॉर्डरच्या एव्हीसीएचडी क्लिपा होत्या, १९२० बाय १०८०, २९.९७ फ्रेम, त्याही इंटरलेस. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या मोशन जेपेग एव्हीआय होत्या, ६४० बाय ४८०, बरोब्बर ३० फ्रेम, आवाज मोनो. डीएसएलआरवर काढलेलं थोडंफार २३.९७६ वर होतं. उरलेलं सगळं मोबाइलवर, आणि मोबाइलचा फ्रेम रेट म्हणजे त्या क्षणी खोलीत किती उजेड होता त्यावर.

अशा वेळी बहुतेकजण करतात तेच आधी करून पाहिलं: सगळ्या फाइली डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, क्रम लावला, बटण दाबलं. डिस्क तयार झाली आणि चाललीही. पण मोबाइलच्या क्लिपांत ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली, अमेरिकेच्या क्लिपांत कॅमेरा वळला की चित्र अडखळत पुढे जायचं, आणि मुंजीत बटूचा हात हलला की तो थरथरतोय असं वाटायचं. तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं. हे सॉफ्टवेअर फ्रेम रेट बदलतं ते फक्त फ्रेमा गाळून किंवा दुबार करून. ते चूक नाही, पण काय गाळलं हे ते सांगत नाही. म्हणून डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरकडे फक्त मेनू, चॅप्टर आणि चकतीची मांडणी ठेवली आणि फ्रेम रेटचं सगळं काम त्याआधी एफएफएमपेगवर, म्हणजे कमांड लिहून चालवायच्या व्हिडिओ प्रोग्रॅमवर, केलं.

सुरुवात मीडियाइन्फोपासून, म्हणजे फाइलीची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमपासून. प्रत्येक फाइलीच्या सहा गोष्टी वहीत: फ्रेम रेट, तो कॉन्स्टंट आहे की व्हेरिएबल, स्कॅन प्रोग्रेसिव्ह (सगळ्या रेषा एकदम) की इंटरलेस, इंटरलेस असेल तर कोणतं फील्ड आधी, पिक्सेलचं (रुंदी-उंचीचं) गुणोत्तर, आणि आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने). हे कंटाळवाणं काम टाळलं की पुढे तिप्पट वेळ जातो. एका मोबाइल क्लिपेत सरासरी २९.४, किमान १५ च्या आसपास आणि कमाल ३० च्या थोडं वर असे आकडे दिसले. देवघरात उजेड कमी होता म्हणून फोनने प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ दिला आणि फ्रेमा कमी झाल्या. ही क्लिप ‘२९.४ ची आहे’ असं मानून जो कोणी पुढे जाईल त्याचा आवाज सरकणारच. अशा फाइलीत प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते आणि ती वेळच खरी, सरासरी नव्हे.

आता हिशेब. भारतात डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीची, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. २९.९७ वरून २५ वर यायचं तर सेकंदाला जवळजवळ पाच फ्रेमा फेकाव्या लागतात, दर सहांत एक. चालणारा माणूस पाच पावलं नीट टाकतो आणि सहाव्याला उडी मारतो. हा झटका सेकंदाला पाच वेळा, ठरावीक तालात येतो म्हणून डोळ्याला जास्त खुपतो. फ्रेमा एकमेकींत मिसळल्या तर झटका जातो, पण हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला सावली चिकटते.

इथे एक गोष्ट विसरली जाते. पाल डीव्हीडीत फ्रेमा २५ असल्या तरी फील्ड ५० असतात. इंटरलेस डीव्हीडी सेकंदाला पन्नास वेगवेगळे क्षण दाखवू शकते, प्रत्येक क्षणाच्या अर्ध्या रेषा. म्हणजे गाठायचा आकडा २५ नाही, ५० आहे. अमेरिकेच्या क्लिपेत सेकंदाला ५९.९४ फील्ड आहेत. त्यांच्या पूर्ण फ्रेमा करून ५० वर आलं तर गळतो तो एक साठांश सेकंदाचा तुकडा, एक तिसांश सेकंदाचा नाही. झटका निम्मा होतो आणि टीव्हीवर जवळपास दिसत नाही. मोबाइलच्या ३० फ्रेमा ५० वर नेताना तर काहीच गाळावं लागत नाही: तीन फ्रेमांना पाच जागा मिळतात, दोन फ्रेमा दोनदा दिसतात, एक एकदा.

म्हणून ठरवलं ते असं. प्रत्येक क्लिप आधी एकाच साच्यात आणायची: ७२० बाय ५७६, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमा, १६:९, ४८,००० हर्ट्झ स्टीरिओ पीसीएम (न दाबलेला) आवाज. त्या जोडायच्या. मग अगदी शेवटी एकदाच इंटरलेस करून एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीवरच्या चित्राच्या फॉरमॅटमध्ये, घालायच्या. मधल्या फाइली एफएफव्ही१ या कोडेकमध्ये ठेवल्या, एमकेव्हीच्या डब्यात (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा फाइलीचा प्रकार). न दाबलेलं असं चित्र सेकंदाला ३१ एमबी, तासाला ११२ जीबी होतं. एफएफव्ही१ काहीही न गमावता ते बरंच खाली आणतं, तरी ५०० जीबी मोकळी जागा असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. एमकेव्हीचा एक बारीक फायदा असा की हा डबा वेळ मिलिसेकंदात मोजतो आणि ५० फ्रेमांच्या हिशेबात एक फ्रेम नेमकी २० मिलिसेकंदांची. २९.९७ ला तोच हिशेब ३३.३७ येतो आणि प्रत्येक वेळी ओढूनताणून पूर्णांकात बसवावा लागतो.

सगळ्यात जास्त डोकं मुंजीच्या टेपेने खाल्लं, खरं तर ती आधीच २५ ची होती. मिनी डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, एव्हीसीएचडीत वरचं. शेवटची डीव्हीडी वरचं-आधी ठेवायची असेल आणि टेप तशीच कोंबली तर काळ मागेपुढे होतो: हात तीन पावलं पुढे, एक पाऊल मागे. बटूच्या हाताची थरथर ती हीच. ओळखायची खूण सोपी आहे. बीडब्ल्यूडीआयएफ या डीइंटरलेस (फील्डांच्या पूर्ण फ्रेमा करणाऱ्या) फिल्टरने प्रत्येक फील्डाची एक फ्रेम करून ५० फ्रेमांची फाइल काढायची आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत हलणाऱ्या हाताकडे बघायचं. हात सलग एकाच दिशेला गेला तर क्रम बरोबर. मागेपुढे झाला तर फिल्टरला क्रम हाताने सांगावा लागतो, कारण टेप उतरवून घेताना किंवा डबा बदलताना ती खूण पुसली गेलेली असते.

पण ५० फ्रेमा करून परत इंटरलेस करताना आणखी एक खोच आहे. पहिली फ्रेम खालच्या फील्डापासून झाली. तिच्या खालच्या रेषा खऱ्या, वरच्या फिल्टरने अंदाजाने भरलेल्या. दुसऱ्या फ्रेमेत याच्या उलट. शेवटी वरचं-आधी इंटरलेस केलं की पहिल्या फ्रेमेच्या वरच्या रेषा घेतल्या जातात, म्हणजे अंदाजाच्या. दुसरीच्या खालच्या, त्याही अंदाजाच्या. टेपेवरची एकही खरी रेषा डिस्कवर पोचत नाही, चित्र मऊ पडतं आणि कारण सापडत नाही. उपाय एका ओळीचा: ५० फ्रेमांच्या फाइलीतली पहिली फ्रेम काढून टाकायची. मग वरच्या रेषा दुसरीच्या येतात, खालच्या तिसरीच्या, दोन्ही खऱ्या. उंची ५७६ ची ५७६ च राहिली पाहिजे ही मात्र अट. बाजूला काळ्या पट्ट्या देण्यासाठी रुंदी ७२० ची ५४० केली तरी रेषांना धक्का लागत नाही.

यातूनच एक नियम निघाला आणि तो सगळ्या क्लिपांना लावला: ५० च्या साच्यातल्या प्रत्येक क्लिपेच्या फ्रेमा सम संख्येतच हव्यात. एखादी क्लिप ३,००१ फ्रेमांची राहिली तर तिच्यापुढची प्रत्येक क्लिप एका फील्डाने सरकते. वर केलेली सगळी मेहनत वाया, आणि पुढची विषम क्लिप आली की सगळं पुन्हा आपोआप जागेवर. काही क्लिपा चांगल्या दिसतात, काही मऊ, आणि माणूस एन्कोडरला दोष देत बसतो.

अमेरिकेच्या क्लिपांची साखळी अशी: आधी बीडब्ल्यूडीआयएफ, प्रत्येक फील्डाची एक फ्रेम या पद्धतीने, म्हणजे ५९.९४. मग फ्रेम रेट बदलणारा एफपीएस फिल्टर ५० वर. मग स्केल, म्हणजे आकार बदलून ७२० बाय ५७६. शेवटी पिक्सेलचं गुणोत्तर ६४:४५. इंटरलेस चित्र तसंच स्केल केलं तर दोन क्षणांच्या रेषा एकमेकींत कालवल्या जातात आणि ते पुन्हा वेगळं करता येत नाही, म्हणून डीइंटरलेस नेहमी स्केलच्या आधी. अ‍ॅव्हिसिंथ (स्क्रिप्टवर चालणारा व्हिडिओ प्रोग्रॅम) ज्यांच्या हातात बसलंय त्यांनी इथे त्यातलं क्यूटीजीएमसी हे डीइंटरलेसर वापरावं. वेळ कितीतरी पट लागतो, पण तिरप्या कडा स्वच्छ येतात.

मोशन इंटरपोलेशनचाही प्रयोग केला, म्हणजे दोन फ्रेमांच्या मधली हालचाल ओळखून नवी फ्रेम रचणारा मिन्टरपोलेट फिल्टर. देवळाच्या शिखरावरून कॅमेरा हळूहळू खाली येतो त्या शॉटला त्याने जादू केली. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तिथे मात्र चिखल. शेकडो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. फिल्टरला कोणता दाणा कुठे गेला हे कळत नाही, आणि तो नवऱ्याच्या फेट्याचा तुकडा उचलून दाण्यांबरोबर खाली ओढतो. ५९.९४ वरून ५० वर येताना याची गरजच नाही. साध्या एफपीएस फिल्टरवर थांबावं आणि इंटरपोलेशन त्या एखाद्या शिखरापुरतं राखून ठेवावं.

एचडीवरून खाली येताना रंगाचीही एक खोट राहते. एचडीचा रंगाचा हिशेब बीटी.७०९ चा, डीव्हीडीचा बीटी.६०१ चा. स्केल फिल्टरला आतला आणि बाहेरचा दोन्ही सांगितले नाहीत तर आकडे तसेच राहतात आणि टीव्ही त्यांचा अर्थ वेगळा लावतो. मुंजीच्या टेपेतली हळद आणि मोबाइलमधली हळद शेजारी शेजारी आली की फरक लगेच कळतो, हिरव्या शालूवर तर जास्तच. डिजिटल कॅमेऱ्याच्या मोशन जेपेगला तिसराच आजार: तिथे काळा ० वर आणि पांढरा २५५ वर असतो, डीव्हीडीत १६ ते २३५. ही मर्यादा बदलून घेतली नाही तर सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहीशा.

मोबाइलच्या क्लिपांना एफपीएस फिल्टर ५० वर लावला की तो प्रत्येक फ्रेमवरची वेळ वाचून तिला तिच्या जागी बसवतो, फ्रेम रेट कितीही वरखाली असो. त्याला सुरुवातीची वेळ शून्य द्यायला मात्र विसरू नये. काही फोनांत आवाज आधी सुरू होतो, चित्र शंभरेक मिलिसेकंदांनी. शून्य दिलं की ती फट पहिल्याच फ्रेमेने भरली जाते. उभ्या काढलेल्या क्लिपा या साच्यात २२८ पिक्सेल रुंद बसतात, दोन्ही बाजूंना २४६ काळं. फोन चित्र आडवंच साठवतो आणि ‘फिरवून दाखवा’ अशी खूण सोबत ठेवतो. एफएफएमपेग ती खूण पाळतं, अ‍ॅव्हिसिंथमध्ये ती आपल्याला हाताने पाळावी लागते, नाहीतर आजोबा आडवे.

डीएसएलआरच्या २३.९७६ चं दोन प्रकारे करता येतं. एक म्हणजे तसंच ५० वर ओढणं: प्रत्येक फ्रेम दोनदा, आणि सेकंदातून साधारण दोन वेळा एखादी तिसऱ्यांदा. दुसरं म्हणजे वेग वाढवून २५ करणं. यात चित्र ४.२७ टक्के जोरात पळतं आणि प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा बसते, म्हणून हालचाल स्वच्छ. चित्रपटांच्या पाल डीव्हीडी वर्षानुवर्षं अशाच बनत आल्या. आवाज एटेम्पो फिल्टरमधून १.०४२७०८ ने काढला तर पट्टी तशीच राहते. नाही काढला तर सूर जवळजवळ पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो आणि गाणाऱ्या आत्याबाई ओळखू येत नाहीत. वेग वाढवणंच पत्करलं, एक क्लिप सोडून: तिथे तोच विधी दुसऱ्या कॅमेऱ्यानेही टिपला होता आणि दोन्ही आलटून पालटून दाखवायचे होते. तिथे वेग बदलला की दोन कॅमेऱ्यांचा काळच वेगळा होतो.

बारीक रेषांचं चमचमणं सगळ्याच तीक्ष्ण क्लिपांत दिसतं. इंटरलेस चित्रात एका रेषेइतकी बारीक गोष्ट फक्त एकाच फील्डात असते, म्हणून ती सेकंदाला २५ वेळा दिसते-लपते. पैठणीचा काठ, पाटाभोवतीची रांगोळी, जाळीदार खिडकी ही याची हमखास गिऱ्हाइकं. एफएफएमपेगच्या इंटरलेस फिल्टरमध्ये यासाठी लो-पास (बारीक तपशील मऊ करणारा भाग) मुळातच चालू असतो, पण तो सगळ्यांना सारखाच लागतो आणि मुंजीच्या टेपेच्या खऱ्या रेषाही मऊ करतो. म्हणून शेवटच्या पायरीवर तो बंद ठेवला आणि एचडी, डीएसएलआर, मोबाइल यांच्या साखळीतच स्केलनंतर उभ्या दिशेने १-२-१ वजनाचा हलका ब्लर दिला. मुंजीच्या टेपेला नाही, तिच्या रेषा मुळातच इंटरलेस कॅमेऱ्याच्या आहेत.

आवाजाकडे कुणी बघत नाही आणि शेवटी तक्रार त्याचीच येते. मिनी डीव्हीवर घरगुती चित्रीकरण पुष्कळदा १२ बिट, ३२,००० हर्ट्झवर झालेलं असतं. मोबाइलवर ४४,१०० किंवा ४८,०००. डिजिटल कॅमेऱ्यावर ८,००० किंवा ११,०२५ हर्ट्झ, डब्यातून बोलल्यासारखा. डीव्हीडीला ४८,००० हवा, तर सगळं तिथे आणायचं. ५० च्या साच्याचा इथेही फायदा आहे: ४८,००० भागिले ५० म्हणजे एका फ्रेमेला नेमके ९६० सॅम्पल. फ्रेमा मोजल्या, ९६० ने गुणल्या, की आवाज किती लांब हवा ते कळलं. कमी असेल तर मागे शांतता जोडायची, जास्त असेल तर कापायचा. मुंजीच्या टेपेतली पहिली फ्रेम काढली तेव्हा आवाजातलेही पहिले ९६० सॅम्पल काढले. आवाजच नसलेल्या दोन क्लिपांना रिकामा आवाज दिला, नाहीतर जोडताना पुढच्या क्लिपेचा आवाज मागे सरकून त्या मुक्या क्लिपेखाली येतो.

एसी३ (डीव्हीडीवरचा दाबलेला आवाज) मात्र अगदी शेवटच्या पायरीआधी करू नये. एसी३ची एक फ्रेम १,५३६ सॅम्पलची, ३२ मिलिसेकंदांची. चित्राची फ्रेम ४० मिलिसेकंदांची. प्रत्येक क्लिप वेगळी एसी३ करून मग जोडली तर प्रत्येक सांध्यावर काही मिलिसेकंद जास्तीचे चिकटतात. एका सांध्याला कळत नाही, साठ सांध्यांनंतर आवाज अर्धा-पाऊण सेकंद मागे पडू शकतो. आवाजाची पातळी सारखी करायला लाउडनॉर्म वापरला तर त्यानंतर ४८,००० पुन्हा सांगावं लागतं. हा फिल्टर एकाच फेरीत चालवला की आतल्या आत १,९२,००० हर्ट्झवर जातो आणि तसाच बाहेर येतो.

एवढं झाल्यावर जोडणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. फाइलींची नावं एका यादीत लिहायची, एफएफएमपेगच्या कॉन्कॅट डीमक्सरला (फाइली जशाच्या तशा एकामागे एक वाचणाऱ्या भागाला) यादी द्यायची, पुन्हा एन्कोड न करता नक्कल. सगळ्या फाइली आकार, पिक्सेल गुणोत्तर, पिक्सेल फॉरमॅट, फ्रेम रेट, सॅम्पल रेट आणि चॅनेल या बाबतीत सारख्या असतील तरच हे चालतं. नसतील तर एफएफएमपेग बऱ्याचदा तोंडातून शब्द न काढता फाइल बनवून देतं आणि घोळ नंतर कळतो. कॉन्कॅट नावाचा फिल्टरही आहे आणि तो वेगवेगळे फ्रेम रेट खपवून घेतो, पण बदल्यात व्हेरिएबल फ्रेम रेटची फाइल देतो. म्हणजे दहा वेगळी दुखणी काढून एकच मोठं दुखणं हातात.

जोडलेली फाइल तपासायची ती आवाजाच्या ठोक्यांवर. ताशाची काडी, फुटणारा नारळ, टाळी. क्लिपेच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक ठोका घ्यायचा. दोन्हीकडे चूक सारखीच असेल तर नुसता सरक आहे, ढकलून बसवता येतो. शेवटी चूक वाढलेली असेल तर वेगाचा घोळ आहे, आणि किती वाढली त्यावरून कुठला ते सांगता येतं. दहा मिनिटांत ०.६ सेकंद वाढली तर कुणीतरी २९.९७ ला ३० किंवा २३.९७६ ला २४ समजलंय. दहा मिनिटांत पंचवीसेक सेकंद, तर २४ आणि २५ ची गल्लत. दहा मिनिटांचं चित्र बारा मिनिटांचं झालं आणि आवाज मधेच संपला, तर ३० ची क्लिप फ्रेमा न गाळता २५ ने चालवली गेलीय: २९.९७ च्या दहा मिनिटांत १७,९८२ फ्रेमा असतात, २५ ने चालवल्या की ११ मिनिटं ५९ सेकंद.

डीव्हीडीसाठी एन्कोड करताना एफएफएमपेगचं पाल-डीव्हीडी हे तयार टार्गेट, म्हणजे ठरलेल्या सेटिंगांचा संच, घेतलं आणि त्यावर आपले आकडे घातले. एकेरी थराची डिस्क ४.७ अब्ज बाइटांची. पावणेदोन तासांचे ६,३०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ५.९७ मेगाबिट. त्यातून पॅकिंगचे चारेक टक्के आणि आवाजाचे २२४ किलोबिट वजा जाता साडेपाच उरतात. मेनूसाठी जागा ठेवून ५,३०० किलोबिट धरले, दोन फेऱ्यांत. कमाल मर्यादा ८,००० ठेवली. नियमाने चित्राला ९,८०० पर्यंत जाता येतं, पण घरी जाळलेल्या डिस्कवर स्वस्तातले प्लेअर तिथे दम टाकतात. बफर १,८३५ किलोबिट, दर १५ फ्रेमांना एक आय फ्रेम (स्वतःत पूर्ण असलेली), मध्ये दोन बी फ्रेमा (आजूबाजूच्या फ्रेमांवरून बनणाऱ्या), इंटरलेसचे दोन्ही झेंडे (फ्लॅग) चालू, फील्ड वरचं-आधी.

या पायरीवर एकच सापळा आहे, पण खोल. हे टार्गेट स्वतःहून २५ फ्रेमा मागतं. साखळीत इंटरलेस फिल्टर लिहायचा राहिला तर ते ५० तल्या एकाआड एक फ्रेमा शांतपणे फेकून देतं. फाइल बनते, डिस्क चालते, लांबी बरोबर, आवाज बरोबर, फक्त हालचाल निम्मी. एन्कोड झाल्यावर वेगाने हलणाऱ्या जागी एक फ्रेम थांबवून बघावी: कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या पाहिजेत. इथे त्या दिसणं हेच बरोबर आहे. कॉम्प्युटरवर बघणाऱ्याला त्या खटकतील, त्याने व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करावं.

चॅप्टर क्लिपेच्या पहिल्या फ्रेमेवर हवे असतील तर एन्कोड करतानाच त्या वेळांवर आय फ्रेम सक्तीने टाकायला सांगावं. चॅप्टर फक्त फ्रेमांच्या गटाच्या सुरुवातीलाच बसतो. तिथे गट सुरू होत नसेल तर तो सरकतो, जास्तीत जास्त १५ फ्रेमा म्हणजे ०.६ सेकंद, आणि ‘मुंज’ दाबलं की आधी अर्धा सेकंद वाढदिवसाचा केक दिसतो. डीव्हीडीऑथरला (चकतीची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमला) पाल असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर ते काम सुरूच करत नाही. एका टायटलसेटमध्ये (डीव्हीडीवरच्या व्हिडिओंच्या एका गटात) सगळं एकाच गुणोत्तराचं ठेवायचं. मुंजीची टेप ४:३ मध्येच दाखवायचा हट्ट असेल तर तिला वेगळा टायटलसेट द्यावा.

पहिली डिस्क नेहमी आरडब्ल्यूवर (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चकतीवर), आणि पूर्ण नाही: प्रत्येक क्लिपेतून तीस सेकंद, तीही कॅमेरा वळतो तिथली. ती ज्या घरात बघितली जाणार त्या घरातल्या प्लेअरवर लावायची, आपल्या लॅपटॉपवर नाही. तिथे पास झाली की मग चांगल्या कंपनीच्या डीव्हीडी-आरवर, कमी वेगाने.

न्यू जर्सीला जायची प्रत वेगळी करावी लागली. आपल्याकडचे प्लेअर बहुतेक दोन्ही पद्धती चालवतात, तिकडचे पुष्कळ फक्त एनटीएससी ही अमेरिकेतली टीव्ही पद्धत. याचा रीजन कोडशी (डिस्क कोणत्या देशांत चालेल हे ठरवणाऱ्या खुणेशी) संबंध नाही, तो वेगळाच नियम. त्या प्रतीसाठी पालची डिस्क बदलायची नाही, मूळ फाइलींपासून सुरू करायचं: साचा ७२० बाय ४८०, सेकंदाला ५९.९४ फ्रेमा. तिथे अमेरिकेच्या क्लिपेतली एकही फ्रेम गळत नाही, उलट मुंजीच्या टेपेला ५० वरून ५९.९४ वर जावं लागतं आणि उंचीही ४८० होते, म्हणून तिच्या खऱ्या रेषा इथे वाचवता येत नाहीत. २३.९७६ च्या डीएसएलआरचा वेगही वाढवायचा नाही: तिथे ३:२ पुलडाउन आहे, एका फ्रेमेला तीन फील्ड, पुढचीला दोन, आणि आत्याबाई आपल्या मूळ पट्टीत.